तिसऱ्या भागाचे चार तुकडे

वाचनालय चालवणाऱ्या बाईकडे पुस्तकं कमी आणि किस्से जास्त साठतात. पुस्तकं लोक नेतात आणि विसरतात. किस्से मात्र न मागता आणून देतात, आणि ते परत न्यायला कुणी येत नाही! माझ्याकडे तर एका पुस्तकाचेच इतके जमलेत, की ते पुस्तक कपाटात नसलं तरी जागा अडवून बसलंय.

आमचं वाचनालय हुबळीत, कमरीपेठेत, आमच्याच स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर. खाली आमचे हे डबे-पातेली विकायचे, वर मी मराठी पुस्तकं वाचायला द्यायची. ह्यांचं म्हणणं असं, की माणूस वस्तू घेऊन जातो आणि परत आणत नाही त्याला धंदा म्हणतात, परत आणून देतो त्याला खूळ म्हणतात. म्हणून म्हणून थकले आणि शेवटी स्वतःच फळ्या ठोकून दिल्या.

वर माझा एक नियम होता. पुस्तक परत करताना बाकावर बसायचं, मत सांगायचं, मगच दुसरं पुस्तक. 'बरं आहे' हे मत धरलं जात नसे. पुण्याकोल्हापूरची पुस्तकं आमच्याकडे उशिरा पोचायची, तीही एकेकच प्रत. मग निदान बोलणं तरी भरपूर व्हावं, एवढाच माझा हेतू. पण लोकांना मत सांगायची इतकी हौस, की काहीजण पुस्तक न वाचताच बाक अडवून बसत. त्यांना मी सरळ खाली भांडी बघायला पाठवत असे!

•••

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. घराघरात केबल आलेली, पोरं टीव्हीपुढून हलत नव्हती. अशा वेळी 'अवसेचा दिवा' नावाची पुस्तकांची एक मालिका आली आणि पोरंच काय, त्यांचे आईबापही माझा जिना चढायला लागले.

मालिका पाच भागांची होणार होती. रेवा नावाची पंधरा वर्षांची मुलगी, तिच्या हातात एक दिवा. खरं बोललं की पेटतो, खोटं बोललं की विझतो. तो तिला समुद्रापर्यंत न्यायचाय, आणि सोबतीला आहे भैरू नावाचा एक म्हातारा. पहिल्या भागात तिला दिवा मिळाला. दुसऱ्या भागात किल्ला जळला, राक्षस मेले, लोक खूश. कव्हरवर लेखकाचं नाव नुसतं 'वाटसरू'.

हा वाटसरू कोण, ते सगळ्या हुबळी-धारवाडात मला एकटीला ठाऊक होतं. धारवाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कुसुमबाई! दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसने हुबळीला यायच्या, खिडकीजवळ मासिक उघडून बसायच्या आणि पान काही उलटायच्या नाहीत. कान सगळे बाकाकडे. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवायचं आणि घरी येऊन पोरीला हवेत उडवायचं, हे हेडमास्तरांना कळलं तर काय, म्हणून ते टोपणनाव.

बाईंच्या घरी फोन नव्हता, म्हणून त्यांनी प्रकाशकाला आमच्या दुकानाचा नंबर दिलेला. पहिल्यांदा फोन आला तेव्हा आमच्या ह्यांनी उचलला. पलीकडून कुणी विचारलं, "वाटसरू आहेत का?" हे म्हणाले, "ह्या रस्त्यानं पुष्कळ जातात की. कुठला पाहिजे?" आणि ठेवून दिला.

•••

तिसरा भाग आला तो चांगला जाडजूड. प्रत एक आणि वाट बघणारे वीस. रांगेवरून जिन्यात भांडणं सुरू झाली.

हे खालून वर आले. भांडणाचा आवाज दुकानात येत होता आणि एक गिऱ्हाईक घाबरून परत गेलं होतं. पुस्तक हातात घेऊन त्यांनी वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाले, एवढा मोठा एकच डबा कशाला? लहान चार करा आणि वाटा.

मला ते पटलं! मी पुस्तक घेऊन तडक आमच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेले. त्याने पाठीची शिवण उसवली, चार तुकडे केले, प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा लावला आणि वर रंगाने एक, दोन, तीन, चार घातलं. आता एका वेळी चौघं वाचू शकणार होते.

शनिवारी बाई आल्या. स्वतःचं पुस्तक असं चिरलेलं बघून त्या खाली बसल्या. त्यांनी एकेक तुकडा उघडून बघितला आणि हळूच विचारलं, "दुसरा कुठे तुटला?"

"विहिरीपाशी. रेवा वाकून बघते तिथं."

"बरोबर तुटलाय," बाई म्हणाल्या आणि मासिक उघडलं.

•••

आता खरी पंचाईत सुरू झाली. तिसऱ्या भागात रेवा आणि भैरू चालतात. म्हणजे नुसतेच चालतात! समोर मिठाचं रान, आरपार पांढरं, झाड नाही, पाणी नाही. लढाई नाही की राक्षस नाही. किल्ला जाळणाऱ्या पोरीला बाईंनी पार पायपिटीला लावलं होतं.

त्यातच प्रकाशकाचा फोन येऊन गेला. या खेपेला मी उचलला. तिसरा भाग लोक उचलत नाहीत, चौथ्याचं पुढं बघू, असं त्याचं म्हणणं. मी बाईंना सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील. पण त्या म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? मलाही वाटतं, मी लोकांना दमवलं. इथं लोक काय म्हणतात ते ऐकते. त्यावर ठरवते, चौथा लिहायचा का नाही ते."

झालं! म्हणजे रेवा समुद्राला पोचणार की मिठातच राहणार, हे आता माझ्या बाकावर ठरणार होतं. आणि बाकावर बसणाऱ्यांची तोंडं मला चांगली माहीत होती.

पहिले आले पाटील वकील. कोर्टाच्या कोटातच आले, बसले, चष्मा पुसला. बाई चार हातांवर. मी वकिलांना म्हटलं, चहा घ्या, मत काय पुढच्या आठवड्यात सांगा. एरवी मत सांगितल्याशिवाय मी कुणाला पाणी देत नसे, त्यामुळे वकिलांना संशय आला. माणूस चहा घेऊन गप्प बसणारा नव्हेच.

"अक्का, पुरावा सगळा मांडलाय," ते म्हणाले, "साक्षीदार उभे केलेत, उलटतपासणी झाली. आणि निकाल? पाचव्या भागात! मधल्या मधे आपण कोर्टाच्या व्हरांड्यात बसून शेंगा खायच्या."

खिडकीतलं मासिक जरा वर सरकलं.

•••

दुसऱ्या शनिवारी अमरगोळच्या मार्केट यार्डातले मिरचीचे अडते आले. त्यांना सगळे शेट म्हणत. शेट जिन्यात आले की आम्हाला आधी ठसका लागायचा, मग ते दिसायचे.

शेटना मी पहिला तुकडा द्यायला हवा होता, पण तो बाहेर होता. दुसराही बाहेर. तिसरा तेवढा समोर पडलेला. शेट म्हणाले, द्या की, मिरचीच्या ढिगात वरची काय, खालची काय. त्यांनी आधी तिसरा नेला, मग पहिला, मग दुसरा.

आणि बाकावर बसून त्यांनी मांडीवर थाप मारली. "काय डोकं आहे हो या माणसाचं! आधी पोरगी तहानेनं पडलेली दाखवली. ओठ फुटलेले, दिवा विझलेला. आणि मग तीच पोरगी घरातनं हसत निघताना दाखवली, आई म्हणते पाण्याची मोठी पिशवी घे, ही म्हणते लहान पुरे! आपल्याला सगळं माहीत आणि तिला काही नाही. मी यार्डात ओरडलो की, मोठी घे म्हणून."

पाटील वकिलांनी तोंड उघडलं. शेटनी उलटसुलट वाचलंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी टेबलाखालून त्यांना पायाने ढोसलं. वकिलांनी तोंड मिटलं, थोडा वेळ विचार केला आणि मला म्हणाले, "तिसरा तुकडा परत द्या बघू. मीपण ह्यांच्या क्रमानं वाचून बघतो."

त्या दिवशी मासिकामागून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला. जाताना बाई मला म्हणाल्या, "हे मला सुचायला पाहिजे होतं."

•••

पूर्वा दहावीत होती. ज्या वयाच्या पोरांसाठी बाई लिहीत, त्या वयाची आमच्यात ती एकटीच नियमाने यायची. बाकीचे आम्ही सगळे घुसखोर.

तिचं मत मला धडकी भरवणारं असायचं, कारण ती सभ्यपणे बोलायचीच नाही. दुसरा तुकडा टेबलावर ठेवत म्हणाली, "दिवा विझतो तिथं मी पुस्तक फेकलं."

"मग?"

"मग उचललं. पुढचं दुसरीकडं कुठं होतं?"

पुढच्या आठवड्यात तिची आई धाडधाड जिना चढून आली. मुलगी दुपारभर पाणी पीत नाही! विचारलं तर सांगते, रेवाला मिळालं नाही. हुबळीत आधीच नळाला कधीमधी पाणी येतं, ते साठवून ठेवलेलं ही पोरगी तोंडाला लावत नाही म्हणजे काय? असली पुस्तकं देऊ नका म्हणून तिने मला चांगलंच झापलं. तिचा राग खरा होता, म्हणून मी पहिला तुकडा तिच्या हातात दिला. म्हटलं, स्वतः वाचा, तुम्ही म्हणाल तर काढून टाकते.

चार दिवसांनी पूर्वाची आई हजर. बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्या पोरीच्या आईनं तिला एकटीला पाठवलंच कसं हो?"

"एकटी नाही, भैरू आहे की सोबत."

"तो म्हातारा! त्यालाच कुणीतरी धरायला पाहिजे." आणि हात पुढे केला. "दुसरा तुकडा द्या. आणि पूर्वाला सांगा, चौथ्या तुकड्याला तिचा नंबर माझ्यामागं."

•••

एवढं होऊनही कुसुमबाईंचा चेहरा काही उजळेना. कौतुक ऐकलं की त्यांना वाटायचं लोक भिडेखातर बोलतात. टीका ऐकली की लगेच पटायची. मास्तरकीचा रोगच हा! शेवटी मी ठरवलं, एक तरी मत आपण चांगलं घडवून आणायचंच.

त्यासाठी मी अप्पांना धरलं. अप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, साधे, शांत. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, उद्या तिसऱ्या भागाबद्दल जरा बरं बोला. का, ते विचारू नका. अप्पांनी विचारलं नाही. पण माणूस आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांगत आलेला. खोटं सांगायची सवयच नव्हती.

"गाडी लेट आहे," बाकावर बसून अप्पा म्हणाले. मी कपाळाला हात लावला. "पण असं बघा. हे मधलं जंक्शन आहे. आपल्या लोंढा स्टेशनासारखं. इथं गाडी जास्त थांबते, इंजिन जोडतात, डबे हलवतात. आतल्या माणसाला वाटतं, मेली उगीच उभी आहे. पण इथं इंजिन जोडलं नाही तर पुढचा घाट चढायचा नाही. तो लेखक इंजिन जोडतोय."

मी खिडकीकडे बघितलं. मासिक मांडीवर आलेलं, आणि बाई चक्क अप्पांकडे बघत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पाटील वकील म्हणाले, "जोडू देत की. पण तोवर एखादा चहावाला तरी डब्यात पाठवायचा!"

•••

एव्हाना मंडळींचे तीन तुकडे वाचून संपत आले होते. चौथ्यात शेवट. माझी स्वतःची रीत अशी, की वाढणारी बाई शेवटी जेवते. सगळ्यांचं झाल्याशिवाय मी पुस्तकाचा शेवट वाचत नसे. म्हणून चौथा तुकडा मीही उघडला नव्हता. वकील शेटच्या क्रमानं पुन्हा वाचत होते, बाकीच्यांत शेटचे तीन आधी झाले, त्यामुळे तो पहिल्यांदा त्यांना मिळाला.

शेट तो घेऊन यार्डात गेले. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, निवांत वाचू म्हणून मिरचीच्या ढिगावर ठेवला. तेवढ्यात लिलावाचा पुकारा झाला. शेट उठून गेले, हमालांनी पोती भरली, दाभणाने शिवली, लॉरीत चढवली. शेट परत येऊन बघतात तर पोती नाहीत, लॉरी नाही, रेवा नाही आणि भैरूही नाही!

शेट माझ्यापुढे बाकावर मान खाली घालून बसले. त्यांच्याकडे मत नव्हतंच, कारण त्यांनी एक पानही वाचलं नव्हतं. लॉरी कोचीनला गेली होती. त्यांनी तिथल्या व्यापाऱ्याला फोन लावला. आमच्या मिरचीवाल्याचं मोडकं हिंदी आणि त्याचं त्याहून मोडकं, पण एवढं कळलं की पोती न उघडता तशीच कोल्ड स्टोरेजला गेलीत.

"म्हणजे रेवा मिठातनं सुटली," वकील म्हणाले, "आणि बर्फात अडकली."

मी प्रकाशकाला फोन केला, दुसरी प्रत पाठवा म्हणून. तो म्हणाला, गोडाऊनमध्ये असतील, पण कुठे ते बघावं लागेल. आठवड्याने विचारलं तर म्हणाला, बघतोय. मला वाटतं तो अजून बघतोय.

राहिल्या बाई. त्यांच्या प्रती त्यांनी नातेवाइकांना वाटून टाकलेल्या. मी म्हटलं, मग मागून आणा की एखादी, कुणी वाचली तरी आहे का त्यातली? बाई नाही म्हणाल्या. "हरवला ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "तो शेवट लिहिल्यापासून माझी पुढं एक ओळ चालत नाही. आता मी थांबायचं ठरवलंय. पेपर तपासायचे पडलेत. पुढच्या शनिवारी येते, पुस्तकं परत करते आणि संपवते."

मला फार वाईट वाटलं. एवढी मतं झाली, एवढे चहा झाले, आणि मधेच हे! पण लिहिणाऱ्याला ढकलता येत नाही, हेही मला कळत होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

•••

तो शनिवार आला. बाई आल्या, पुस्तकं टेबलावर ठेवली. मी त्यांना बसवून घेतलं, म्हटलं, जरा थांबा, घाई काय? त्या सवयीने खिडकीजवळ बसल्या, मासिक घेतलं.

बाकावर तेव्हा कडाक्याचं भांडण पेटलं होतं. चौथा तुकडा कुणीच वाचलेला नाही, मग शेवट काय असेल? शेट म्हणत होते, पाणी सापडतं. त्यांना पाणी सापडायलाच हवं होतं, तुकडा त्यांनीच हरवला होता ना! पूर्वा म्हणत होती, रेवा रडते आणि तिच्या थेंबावर दिवा पेटतो.

"खाऱ्या पाण्यावर दिवा?" वकील म्हणाले.

"खरं पाणी आहे ते. खऱ्यावर पेटतो, पहिल्या भागात लिहिलंय. तुम्ही नीट वाचत नाही!"

वकील चाट पडले. एवढ्यात जिन्यात काठी वाजली. अप्पा येत होते. थंडी पडली होती, गुडघा आखडला होता. वर येऊन त्यांनी दम घेतला, स्टुलावर बसून पाय सरळ केला आणि म्हणाले, चालू द्या.

वकील आता हट्टाला पेटले होते. ते म्हणाले, दिवा राहू दे बाजूला, मी सांगतो काय होतं. भैरू मरतो. असल्या गोष्टींत म्हातारा मधल्या भागात मरतोच. त्याशिवाय पोरगी मोठी होत नाही.

"मग मला मोठी रेवा नको," पूर्वा म्हणाली. "असं झालं असेल तर मी चौथा वाचणार नाही. साकु."

साकु म्हणजे पुरे. ती चिडली की कन्नडमध्ये शिरायची.

वकील जरा ओशाळले. म्हणाले, मी आपला अंदाज केला, नसेलही. शेट म्हणाले, मरत नाही, मी सांगतो, पाणी सापडतं. पूर्वा म्हणाली, तुम्हाला काय माहीत? शेट म्हणाले, मग कुणाला माहीत?

"मरतो तो," खिडकीतून आवाज आला.

सगळे वळले. इतके महिने ज्या बाईंनी तोंडातून शब्द काढला नव्हता, त्या उभ्या होत्या. मासिक हातातच होतं.

"शेवटच्या पानावर मरतो," कुसुमबाई म्हणाल्या. "तिला थोपटत असतो, आणि हात थांबतो."

"तुम्ही वाचलात?" शेटनी विचारलं. "कुठं मिळाला तुकडा?"

"मी लिहिलाय."

खाली दुकानात कुणीतरी कुकरचं झाकण लावून बघत होतं, तेवढाच आवाज. वकिलांनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तसाच हातात धरला. शेट उठून उभे राहिले, हात जोडून, जणू मिरचीच्या पोत्यात त्यांनी बाईंनाच शिवलं होतं. पूर्वा मात्र बाईंकडे बघेना. ती भिंतीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाई तिलाच सांगत होत्या. म्हणाल्या, तेव्हा लिहिताना बरोबर वाटलं होतं. पण तो गेला आणि रेवा बसली ती बसलीच. तिला उठवायला जाते तर माझाच हात उचलत नाही. म्हणून चौथा होत नाही. तुम्ही कुणी काही वाईट बोललात म्हणून नव्हे.

मी पूर्वापुढे पाण्याचा पेला सरकवला.

अप्पा स्टुलावरून म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंत ते खरं. पण आम्ही कुठं वाचलंय अजून?"

बाईंना कळलं नाही. "छापलंय ते अप्पा."

"छापलं असेल की. कोचीनला असेल. इथं आमच्यात तो अजून चालतोय. काल रात्री झोपताना मी बघितला त्याला, तुमच्या त्या रानात. हळू चालत होता. पण चालत होता."

पूर्वाने मान वळवली. बाईंनी अप्पांकडे बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली, सरळ केलेल्या पायावर, बाजूला टेकलेल्या काठीवर.

"या गुडघ्यानं एवढा जिना कसा चढता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"थांबत थांबत," अप्पा म्हणाले. "कठड्याला धरायचं, एक पायरी चढायची, दम घ्यायचा. पण पोचतो की."

बाईंनी मासिक टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.